जादूचे व्याकरण

बुद्धिबळावर कोणी टीकालेख लिहीत नाही. डावांची चिकित्सा होते. परंतु घोडा अडीच घरेच का चालतो, ह्यात कोणाला जीवनदृष्टी सापडल्याचे ऐकिवात नाही. मग एका खेळाची पुस्तके समोर घेऊन त्यांचे परीक्षण ह्या पृष्ठांवर का मांडावे, असे वाचक विचारतील. उत्तर त्या खेळाच्या स्वरूपातच आहे. इंग्रजीत ज्याला 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात, त्या भूमिकांच्या खेळात पट असेलच असे नाही, आणि शेवटी कोण जिंकले हेही सांगता येत नाही. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो वाटेचे, वाड्याचे, भेटणाऱ्या माणसांचे वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र आता काय करते ते तोंडी सांगतात. निष्पत्तीविषयी शंका असेल तेथे फासा टाकायचा. अशा रीतीने कथा घडत जाते, पण ती कोणी लिहून ठेवीत नाही. लिहिलेले असते ते नियमांचे पुस्तक. त्याला लेखक असतो, शैली असते, आणि जगाविषयी त्याचे काही एक म्हणणेही असते. जेथे म्हणणे आहे तेथे टीकाकाराला मज्जाव नसावा.

दुसरे कारण घरगुती आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेली आमची तरुण मुले हा खेळ शिकून येतात, आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही तो खेळला जातो. पालक आम्हांस विचारतात, "फादर, त्यात जादूटोणा असतो म्हणतात, मुलाला खेळू द्यावे काय?" मराठी माणसाच्या कानाला 'जादूटोणा' हा शब्द काळी बाहुली, लिंबू आणि बिब्बा घेऊनच येतो; तेव्हा ही धास्ती अस्वाभाविक नाही. तिच्या निरसनासाठी एवढे सांगणे पुरे, की ह्या पुस्तकांत खरा मंत्र वा विधी शिकवलेला नसतो. असतात त्या बेरजा-वजाबाक्या. तथापि तेवढ्याने प्रश्न मिटला असे आम्हांस वाटत नाही.

हीच धास्ती अमेरिकेत एकदा मोठ्या प्रमाणावर उसळली होती. ह्या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्या दोघांनी १९७४ साली सिद्ध केला. १९८३ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग नावाच्या एका मातेने, आपल्या मुलाच्या आत्महत्येनंतर, ह्या खेळाविरुद्ध संघटना उभारली. पुढच्याच वर्षी जॅक चिक ह्या प्रकाशकाने 'डार्क डंजन्स' ही चित्रपुस्तिका काढून असे दाखविले, की खेळता खेळता मुली खऱ्याच चेटकिणी होतात. त्या शोकाकुल मातेविषयी आम्हांस सहानुभूती आहे. चिक महाशयांविषयी मात्र एवढेच नमूद करतो, की कॅथॉलिक चर्च आणि पोप महोदय ह्यांच्याविरुद्ध ह्याहूनही भयंकर पुस्तिका त्यांनी काढलेल्या आहेत. त्यांच्या साक्षीवर विसंबून मत बनविणे आपल्या वाचकांना शोभणार नाही. प्रकाशकांनीही कच खाल्ली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द गाळले, आणि त्या प्राण्यांना पुढे नवी, कोणालाच न कळणारी नावे दिली. सैतानाचे नाव बदलले, मंत्रांची कोष्टके तशीच राहिली. आणि आमच्या मते पाहण्याजोगे जे होते, ते त्या कोष्टकांत होते.

कथालेखकाची जादू आणि खेळ रचणाऱ्याची जादू ह्यांत मूलभूत भेद आहे. परीकथेत देवदूत येतो, भोपळ्याची गाडी होते, आणि दुसरा भोपळा आणला असता तर काय झाले असते हे कोणी विचारीत नाही. कादंबरीकारालाही आपल्या जादूगाराचे सामर्थ्य मोघम ठेवता येते. टोल्किन ह्यांचा गँडाल्फ नेमके काय करू शकतो आणि काय नाही, हे हजारभर पाने वाचूनही सांगता येत नाही, आणि त्या कलाकृतीचे सौंदर्य काही अंशी त्यातच आहे. खेळात ही सोय नाही. टेबलाभोवतीच्या पाच जणांपैकी कोणीतरी दर दहा मिनिटांनी विचारतोच : मला हे करता येईल काय? किती वेळा? माझे त्यात काय जाईल? ह्या प्रश्नांना उत्तरे देणारी नियमावली म्हणजे त्या खेळाची जादू. म्हणून जादूची नियमावली रचणे हे एका अर्थी एक छोटे तत्त्वज्ञान रचणे होय. सामर्थ्य कोठून येते, ते कोणाच्या ताब्यात असते, आणि त्याच्या पलीकडे काही आहे काय, ह्यांची उत्तरे रचनाकाराला द्यावीच लागतात. त्याने ती विचारपूर्वक दिली नाहीत, तर त्याचे आकडे ती परस्पर देऊन टाकतात.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील जादूगाराची व्यवस्था जॅक व्हान्स ह्या अमेरिकन कथाकाराकडून उचललेली आहे. त्याच्या 'द डाइंग अर्थ' ह्या १९५० सालच्या पुस्तकात सूर्य विझत चाललेला आहे, जुन्या विद्येचे अवशेष तेवढे उरले आहेत, आणि जादूगार ग्रंथातून एखादा मंत्र मोठ्या कष्टाने डोक्यात साठवतो. तो उच्चारला की स्मृतीतून पुसला जातो. भल्या जादूगाराच्या डोक्यातही असे चार-सहाच मंत्र मावतात. कल्पना मोठी मार्मिक आहे. ज्ञान हे जणू पाहुण्यासारखे येते आणि वापरले की निघून जाते. त्या मावळत्या जगाला ही विस्मृती शोभते. गायगॅक्स ह्यांनी ती घेतली, परंतु तिच्याभोवतीची संध्याकाळ मात्र घेतली नाही. त्यांचा पिंड युद्धखेळांचा होता. १९७१ सालच्या 'चेनमेल' ह्या त्यांच्या सहलेखनातील युद्धखेळात जादूगाराच्या अग्निगोळ्याच्या माऱ्याचे क्षेत्र मोठ्या गोफणयंत्राच्या हिशेबाने मोजलेले होते. तो तोफखाना पुढे खेळात आला आणि व्हान्सचे मंत्र काडतुसे झाले. आज दोन झाडली, उद्या सकाळी पुन्हा दोन भरली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे पुष्कळ सैल झाले, काही किरकोळ मंत्र तर कितीही वेळा म्हणता येऊ लागले. तरी मोजणीची रीत तीच राहिली. खेळ म्हणून ही व्यवस्था उत्तम चालते, हे मान्य केले पाहिजे. शेवटचे काडतूस आता वापरावे की राखून ठेवावे, ह्या विवंचनेत खरी रंगत असते. ती इतकी वर्षे टिकली ह्याचे रहस्य त्यात आहे.

आमची हरकत अग्निगोळ्याला नाही. ती 'क्लेरिक' नावाच्या पात्राला आहे.

क्लेरिक म्हणजे देवाचा सेवक. तो जादूगाराप्रमाणे ग्रंथातून शिकत नाही, प्रार्थनेतून सामर्थ्य मिळवतो, असे पुस्तक म्हणते. पण कोष्टक पाहावे तर तीच काडतुसे. ह्या पातळीच्या सेवकाला दिवसाला इतक्या कृपा; वापरल्या की संपल्या; विश्रांती घेतली की पुन्हा भरल्या. पाचव्या आवृत्तीत मृताला उठविण्याचा मंत्र आहे. त्यासाठी निदान ५०० सुवर्णमुद्रा किमतीचा हिरा लागतो आणि तो त्या विधीत खर्ची पडतो. मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला नसावा. (लाजरस चार दिवस कबरेत होता, म्हणजे तो नियमात बसतो!) मृताचा आत्मा राजी असावा, अशीही अट आहे, आणि ती मात्र रचनाकारांच्या विवेकाची खूण म्हणून आम्ही आनंदाने नोंदवतो. परंतु हिरा तो हिराच. ह्याहून मोठ्या पुनरुत्थानाला १,००० मुद्रांचा हिरा, आणि देहसुद्धा उरला नसेल तर २५,००० मुद्रांचे हिरे, असा चढता दर छापलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोनचा जादूगार शिमोन प्रेषितांसमोर पैसे ठेवतो आणि पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत मागतो. पेत्राने त्याला काय सुनावले, हे वाचकांना ठाऊक आहे. शिमोनाच्या नावावरून चर्चच्या कायद्यात एका पापाला नाव पडले. येथे त्याचेच दरपत्रक तयार झाले आहे, आणि ते रचणाऱ्यांच्या ध्यानीमनीही तसे काही नव्हते. त्यांना केवळ एवढेच हवे होते, की मृत्यू फार स्वस्त होऊ नये.

आणखी एक नियम पाहावा. २०१४ च्या त्याच आवृत्तीत दहाव्या पातळीचा क्लेरिक देवाला साक्षात हस्तक्षेप करण्याची हाक घालू शकतो. शंभराचा फासा टाकायचा. आकडा पात्राच्या पातळीइतका वा त्याहून कमी आला तर देव धावतो. म्हणजे दहाव्या पातळीवर शंभरात दहा वेळा, पंधराव्यावर पंधरा वेळा. येथवर आम्ही काही म्हणत नव्हतो. देव उत्तर देईलच असे नाही, हा अनुभव खरा आहे, आणि फासा त्याचे ओबडधोबड का होईना, चित्र काढतो. पण विसाव्या पातळीवर फासा टाकावाच लागत नाही. हाक मारली की देव येणारच. भक्तीच्या शिखरावर पोहोचलेल्याला देव नाकारू शकत नाही, असा ह्या आकड्यांचा अर्थ होतो. कॅथॉलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २११७ मध्ये, जादूचा निषेध करताना नेमके ह्याच गोष्टीवर बोट ठेवले आहे : गुप्त शक्तींना वश करून त्यांना आपल्या सेवेस लावण्याचा प्रयत्न. ह्या मापाने पाहता टेबलावरचा जादूगार निरुपद्रवी ठरतो आणि शेजारी बसलेला देवाचा सेवकच खरी जादू करीत असतो.

किंमत कोठून घ्यावी, ह्याचा अधिक गंभीर विचार त्या काळीही झाला होता. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' ह्या खेळात देवाकडून सामर्थ्य मिळवायचे तर पात्राला आपल्या आत्मबलाचा काही अंश कायमचा अर्पण करावा लागे. १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये मंत्र म्हणणाऱ्याचे मनःस्वास्थ्य ढासळत जाते. दोन्ही ठिकाणी मोबदला थैलीतून न जाता माणसातून जातो. ह्यांविषयी पुष्कळ लिहिता येईल, परंतु आम्हांस ज्या ग्रंथाकडे वळावयाचे आहे तो निराळा आहे.

'आर्स माजिका' हा खेळ १९८७ साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन ह्या दोन तरुणांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रचला. त्याची पाचवी आवृत्ती २००४ मध्ये निघाली, आणि आमचे विवेचन तिच्याच आधारे आहे. काळ इसवी सन १२२० चा, स्थळ युरोप. मात्र असा युरोप, की जेथे त्या काळचे लोक जे मानीत ते सगळे खरे आहे. रानात पऱ्या आहेत, नरकातून भुते येतात, संतांच्या अवशेषांनी रोगी बरे होतात. १२२० हे वर्ष मोठ्या रसिकतेने निवडलेले आहे. चौथी लॅटेरन परिषद होऊन पाच वर्षे झालेली, असिसीचे संत फ्रान्सिस अजून हयात, संत डोमिनिक ह्यांचे शेवटचे वर्ष उंबरठ्यावर, आणि संत थॉमस अक्वायनस जन्माला यायचे आहेत. अशा जगात जादूगारांचा एक संघ आहे. त्याची बारा घराणी आहेत, त्याला लिखित संहिता आहे, आणि त्याचे सभासद ग्रंथालय नि तिजोरी सामाईक ठेवून मठासारखे एकत्र राहतात. शिष्याला पंधरा वर्षे गुरूपाशी काढावी लागतात. (सेमिनरीतही आम्हांस इतकी वर्षे लागली नाहीत.) पुढेही प्रगती मोजली जाते ती ऋतूंनी : एक ऋतू ह्या ग्रंथासाठी, एक ऋतू त्या प्रयोगासाठी. जादूगार सामर्थ्य मिळवतो त्याची पहिली किंमत म्हणजे त्याचे आयुष्य, आणि ते पानापानातून संपत जाताना खेळणाऱ्याला दिसते. विद्येची इतकी प्रामाणिक नोंद दुसऱ्या कोणत्या खेळात आमच्या पाहण्यात नाही.

खरा आनंद मात्र भाषेत आहे. ह्या खेळात मंत्रांची यादी हे मुख्य अंग नाही. मुख्य अंग पंधरा लॅटिन शब्दांचे आहे. पाच क्रियापदे : क्रेओ, इंतेल्लेगो, मूतो, पेर्दो, रेगो, म्हणजे मी निर्माण करतो, मी जाणतो, मी बदलतो, मी नष्ट करतो, मी नियमन करतो. आणि दहा नामे : प्राणी, पाणी, वायू, मानवी देह, वनस्पती, अग्नी, प्रतिमा, मन, पृथ्वी आणि निव्वळ शक्ती. क्रियापदाला नाम जोडले की जादू झाली. 'क्रेओ इग्नेम' : मी अग्नी निर्माण करतो. 'रेगो आक्वाम' : मी पाण्याचे नियमन करतो. पाच गुणिले दहा, पन्नास जोड्या. त्यांत घर उजळण्यापासून सैन्य बुडविण्यापर्यंत सगळे येते. नामे द्वितीया विभक्तीत आहेत, कारण ती कर्मे आहेत. म्हणजे प्रत्येक जोडी हे एक पूर्ण वाक्य आहे. सेमिनरीत लॅटिनची विभक्तिरूपे घोकलेल्या माणसाला हे पाहून किती बरे वाटते, ते सांगता येत नाही. एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या आवृत्त्यांत मानवी देहासाठी 'कोर्पोरेम' असे रूप छापले जात होते. 'कोर्पुस' हे नपुंसकलिंगी नाम. त्याची द्वितीया 'कोर्पुस'च. आमच्या काळच्या लॅटिन शिक्षकांनी 'कोर्पोरेम' म्हणणाऱ्याला बाकावर उभे केले असते. पाचव्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली.

नियम चालतो कसा, हे एका उदाहरणाने दाखवतो. समजा एखाद्याचे 'क्रेओ' ९ आहे, 'इग्नेम' १२, आणि शरीराची ताकद २. बेरीज २३. आधी अभ्यासलेला, लिहून ठेवलेला मंत्र असेल तर ह्या बेरजेत फाशाचा आकडा मिळवून तो म्हणायचा. पण आयत्या वेळी, न शिकलेले काही करावयाचे असेल तर ती बेरीज निम्मी होते आणि शीणही येतो. फाशावर ५ पडले तर २८ चे निम्मे, १४. शीण नको असेल तर फासा नाही आणि थेट पाचाने भागायचे. अभ्यास केलेल्याला पूर्ण फळ आणि उत्स्फूर्ततेला निम्मे, हा हिशेब आमच्या परीक्षार्थी मुलांना समजावून सांगावा इतका चोख आहे. मोठ्या विधींना 'विस' नावाची दुर्मीळ शक्ती खर्चावी लागते, आणि ती खर्चल्यावाचून निर्माण केलेली कोणतीही वस्तू कायम टिकत नाही. जादूने केलेली भाकरी जादूबरोबरच नाहीशी होते.

ह्या सगळ्या इमारतीचा पाया म्हणजे तिच्या सीमा. रचनाकारांनी जादूगाराला जवळजवळ सर्व काही दिले आणि मग स्वच्छ शब्दांत सांगितले की पुढील गोष्टी त्याला कधीही जमणार नाहीत. चंद्रमंडलाच्या वर त्याची सत्ता नाही. कारण त्या काळच्या, अॅरिस्टॉटलप्रणीत विश्वरचनेत बदल केवळ चंद्राखालच्या जगात संभवतो. काळाचा प्रवाह त्याला वळवता येत नाही. वस्तूचे सारस्वरूप त्याला बदलता येत नाही : माणसाचा लांडगा करता येतो, पण तो लांडग्याच्या कातड्यातला माणूसच असतो आणि जादू ओसरताच उभा राहतो. सार आणि उपाधी हा भेद आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात कोरड्या घशाने शिकलो. तो येथे खेळाचा नियम होऊन आला आहे. अमर आत्मा त्याला निर्माण करता येत नाही. 'क्रेओ आनिमाल' म्हणून जिवंत बैल उभा करता येईल, परंतु 'क्रेओ कोर्पुस' म्हणून मिळेल तो निव्वळ देह. म्हणूनच मेलेल्या माणसाला तो उठवू शकत नाही. कितीही विस आणा, कितीही ऋतू घालवा, कोणताही हिरा आणा. ग्रंथात ते सूत्रच नाही. आणि सर्वांत वरची सीमा : देवाच्या कृतीवर जादूचा काहीही परिणाम होत नाही.

ही शेवटची सीमा नुसती छापून ठेवलेली नाही, ती खेळात पदोपदी जाणवते. जेथे लोक प्रार्थना करतात त्या जागेला एक पवित्र परिमंडळ असते, आणि त्याच्या अंकाच्या तिप्पट जादूगाराच्या बेरजेतून वजा होतात. वरचेच उदाहरण घ्यावे. परिमंडळाचा अंक ३ असला तर २८ तून ९ गेले, उरले १९, त्याचे निम्मे साडेनऊ. कॅथीड्रलच्या शहरात शिरलेला महापंडित अर्धा दुबळा होतो, आणि त्याला दुबळा करायला कोणी धर्माधिकारी आलेला नसतो. म्हाताऱ्या बायका रोज मिस्साला येतात एवढ्यानेच ते झालेले असते. ह्या व्यवस्थेत सिनेगॉग आणि मशीद ह्यांनाही तेच पावित्र्य दिलेले आहे. १९६५ च्या 'नोस्त्रा ऐताते' ह्या जाहीरनाम्यानंतरच्या वाचकाला ते खटकू नये.

आता त्या व्याकरणाकडे पुन्हा पाहू. लॅटिन क्रियापदाच्या अंती जो 'ओ' आहे, त्यात 'मी' दडलेला आहे. क्रेओ, मूतो, रेगो : प्रत्येक मंत्राचा कर्ता मी. रचनाकारांनी हे हेतुतः केले की सहज घडले, ते महत्त्वाचे नाही. जादूची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. परंतु येथे एक चतुर वाचक आम्हांस थांबवील. तो म्हणेल, फादर, तुमचेही लॅटिन असेच आहे. स्नानसंस्कारात 'बाप्तिझो' म्हणतात, पापक्षमेत 'आब्सोल्वो' म्हणतात; तेथेही तोच 'ओ'. आणि तुमचा सिद्धान्त असा, की योग्य रीतीने विधी झाला की संस्काराचे फळ मिळते. गुरू पापी असला तरी मिळते. मग तुमचा संस्कार आणि त्यांचा 'क्रेओ' ह्यांत फरक काय?

आक्षेप जुना आहे. सतराव्या शतकात अँग्लिकन आर्चबिशप टिलटसन ह्यांनी 'होकस पोकस' हा गारुड्यांचा शब्द मिस्साबलिदानातील ख्रिस्तदेहाच्या वचनाचा अपभ्रंश असल्याचा टोमणा मारला होता. व्युत्पत्ती संशयास्पद आहे, बोचणी मात्र खरी. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने सातव्या अधिवेशनात संस्काराचे फळ कृतीमुळेच मिळते असे ठामपणे सांगितले, ते नेमके कर्त्याचे महत्त्व काढून घेण्यासाठी. गुरूच्या पुण्याईने ते वाढत नाही, त्याच्या अभ्यासाने ९ चे १२ होत नाही, त्याच्या पापाने आटत नाही. 'मी' म्हणणारा तेथे दुसऱ्याच्या नावाने बोलतो. म्हणून 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द लगेच जोडलेले आहेत. जादूगाराच्या वाक्याला अशी जोड नसते. त्याच्या कागदावर बेरीज असते. आमच्या हाती बेरीज करण्यासारखे काही नसते. अर्थात हा भेद पुस्तकात शिकणे सोपे. नऊ दिवसांच्या नोव्हेनात एक दिवस चुकला म्हणून 'फळ मिळणार नाही' अशा चिंतेने येणारे भाविक आमच्या धर्मग्रामात आहेत, आणि ते कोणताही खेळ खेळत नाहीत.

इतके गुण सांगितल्यावर 'आर्स माजिका'चा दोषही सांगितला पाहिजे, आणि तो लहान नाही. देवाला जादूगाराच्या आवाक्याबाहेर ठेवणारे हे रचनाकार शेवटी श्रद्धेपाशी येऊन डगमगले. खरी श्रद्धा असलेल्या पात्राला ते श्रद्धागुण देतात, आणि त्या गुणांच्या प्रमाणात त्याला जादूपासून संरक्षण मिळते. पुढे २००५ साली दैवी क्षेत्रावर स्वतंत्र ग्रंथ निघाला आणि त्यात पवित्र सामर्थ्यांचीही तशीच कोष्टके मांडली गेली. अडचण आम्हांस कळते. टेबलावर बसलेला विचारणारच, की माझ्या संन्यासिनीवर त्या मंत्राचा परिणाम होतो की नाही? सूत्रधाराला काहीतरी उत्तर हवे. पण परिमंडळाला अंक देणे आणि माणसाच्या श्रद्धेला अंक देणे ह्यांत फरक आहे. पहिला अंक जागेचा. तो कोणाच्या खिशात नसतो, कोणी तो खर्च करीत नाही. दुसरा अंक पात्राच्या कागदावर येतो, आणि कागदावर आलेला अंक वाढविण्याचा मोह प्रत्येक खेळाडूला होतो. संन्यासिनी दोन गुणांची होते, शेजारचा भिक्षू एका गुणाचा राहतो, आणि ज्या क्लेरिकपासून आपण निघालो त्याच्याच अंगणात येऊन पोहोचतो. ज्यांनी आत्म्याच्या निर्मितीला सूत्र दिले नाही, त्यांनी येथेही रकाना कोरा ठेवला असता आणि निर्णय सूत्रधाराच्या विवेकावर सोपविला असता, तर ग्रंथ आतून सुसंगत झाला असता.

दुसरा दोष व्यवहारातला. हिशेब फार आहे. पन्नास जोड्या, भागाकार, परिमंडळाची वजाबाकी, ऋतूंच्या नोंदवह्या. संध्याकाळी दोन तास खेळायला बसलेल्या मुलांचा पहिला तास पात्र तयार करण्यातही पुरत नाही. नवख्याने ह्यापासून सुरुवात करू नये. त्याला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च सोपा, आणि तो खेळणाऱ्या मुलाला आई-बापांनी अडवावे असे आम्हांस वाटत नाही. त्याला एकदा जवळ बसवून हिऱ्याची किंमत कोणी ठरवली, एवढे विचारावे. मुले ह्यावर आपणांहून अधिक रंगून बोलतात.

ज्यांना 'आर्स माजिका'च खेळावयाचा आहे, त्यांनी आधी पंधरा शब्द विभक्तीसह पाठ करावेत. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही ते ऐकून घेण्यास मोकळे असतो. 'कोर्पोरेम' म्हणणाऱ्यास मात्र पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागेल.